रात्री ९ चा भोंगा : ठराव मलाच लिहायला सांगितलाय

पांदणवाट

मंडळी, एरवी मी इथं नुसता वाचत असतो. आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-दिग्रसकडचं. उंबरे साडेचारशेच्या आसपास. कपाशी, सोयाबीन, तूर. नाव सांगत नाही. तुमच्या गावात अन् आमच्या गावात फरक असलाच तर एवढाच की आमच्या मारोतीच्या पारासमोर खर्ऱ्याचे (सुपारी-तंबाखू घोटून देतात ते) तीन ठेले आहेत, तुमच्याकडं दोन असतील.

पेरण्या आटोपल्या आणि गावात एकामागून एक भानगडी झाल्या. पंधरा-सोळा वर्षांची तीन पोरं एकाच मोटारसायकलवर रात्री साडेअकराला तालुक्याहून येत होती. नाल्याच्या रपट्यावर गाडी घसरली. एकाच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला. घरच्या दोन बकऱ्या आणि एक कालवड त्या खर्चात विकली गेली. मग आठ दिवसांत तीन विहिरींवरचं केबल चोरीला गेलं. चोर सापडला नाही, पण रात्री फिरणारी पोट्टीच असणार हे गावानं ठरवून टाकलं. शिवाय शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून रात्री दहा-अकरापर्यंत आठ-दहा पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असतात, ते आहेच.

तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव येतोय. १८ वर्षांखालच्या कोणीही रात्री ९ ते पहाटे ५ आई-बापाशिवाय घराबाहेर दिसायचं नाही. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा ५०० रुपये दंड, तो घरपट्टीत लावायचा. ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा बसवून बरोबर ९ ला वाजवायचा. सरपंच ताई आहेत, पण बोलणं त्यांचे यजमान करतात (तो वेगळा धागा होईल). ते मला म्हणाले, तुमचं मराठी चांगलं आहे, ठराव तुम्हीच लिहा.

खरं सांगतो, माझा कल ठरावाकडंच आहे. माझा मुलगा नववीत आहे, रात्री जेवण झालं की चप्पल घालतो आणि 'आलोच' म्हणून दीड तास येत नाही. पण कागद समोर घेतला आणि दुसऱ्या ओळीलाच अडलो. 'आई-बापाशिवाय' लिहिलं, मग आजी-आजोबांकडं राहणाऱ्या पोरांचं काय? म्हणून विचारतोय.

---

बंडीचाक

लिहून टाका ना भाऊ. कायले इचारता? आमच्या टायमाले दिवेलागणीच्या आत घरात नसलो तं बाप बंडीची उभारी घेऊन दारात उभा राहे. कोणता कायदा नव्हता, उभारी होती. आता बापालेच पोट्ट्याचं भेव वाटते. मंग गावानं काही करावं का नाही?

---

तुरीची_शेंग

उभारी बापाच्या हातात होती बंडीचाक भाऊ, सरपंचाच्या यजमानाच्या हातात नव्हती. त्याच्या हातात द्यायची का, हा प्रश्न आहे.

---

रात्रीची_लाइन

पांदणवाट दादा, तुमच्या गावात लाइन दिवसा येते का? आमच्याकडं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्री अकराला मोटर चालू करायची, पहाटेपर्यंत दांड फिरवायचे. मी एकटा माणूस. एक जण विहिरीवर पाहिजे, एक बांधावर. सोबत कोण येतं? माझा चौदा वर्षांचा पोरगा. मी विहिरीवर असतो तेव्हा तो अर्धा किलोमीटर लांब एकटाच असतो, हातात बॅटरी अन् काठी. त्याच्यावर ५०० रुपये दंड होईल का? ठरावात लिहा तसं.

जागलीचंही तेच. सोयाबीन शेंगेत आलं की रानडुक्कर, अन् तूर फुलली की रोही (नीलगाय). मचाणावर झोपायला घरचं जाणतं पोरगंच जाते.

त्याला हे काम करावं लागतं याचं मला भूषण नाही. पण दिवसा लाइन द्या, मग पोराला रात्री घरात ठेवा म्हणून सांगा. क्रम असा पाहिजे.

---

गणिताचे_सर

मी ठरावाच्या बाजूनं बोलतो, कारण इथं सगळे लगेच विरोधात जातील असं दिसतंय.

वर्गात पहिल्या तासाला झोपणारी पोरं मी रोज पाहतो. दहावीच्या तीस पोरांमधली सात-आठ पोरं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. विचारलं तर रात्री एक, दीड. घरात आई-बाप दिवसभर निंदण-फवारणी करून नऊला आडवे होतात, त्यांना पोरगं कधी आलं हे कळतही नाही. अशा घराला बाहेरून थोडा आधार मिळाला तर वाईट काय?

आणि हे काही मागासलेपण नाही. आइसलँडमध्ये देशाचा कायदाच आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री ८ नंतर मोठ्या माणसाशिवाय बाहेर राहायचं नाही, १३ ते १६ च्यांनी १० नंतर. उन्हाळ्यात दोन तास जास्त. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती, २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी ७ चा भोंगा सुरू केला, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. आपल्याच जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं त्याच वर्षी १८ खालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. गाव ठरवू शकतं.

---

तहसील_चौक

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. रात्रीची तारीख नसते म्हणून आता लिहितोय.

ग्रामसभेला संचारबंदी लावता येत नाही. तो अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा. जुनं १४४ म्हणा, १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला. आदेश काढतो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी, आणि तोसुद्धा दोन महिन्यांपुरता. सरपंच नाही, पोलीस पाटील नाही, तंटामुक्तीचा अध्यक्ष तर नाहीच नाही. ५०० रुपये घरपट्टीत जोडले आणि कोणी उद्या दाद मागायला गेलं, तर ग्रामसेवकाला घाम फुटेल. मोहित्यांचे वडगाव चाललं ते लोकांनी आपणहून पाळलं म्हणून. बान्सीचा ठराव म्हणजे गावानं व्यक्त केलेली इच्छा. इच्छा व्यक्त करा की, कोण अडवतं! वसुली करू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दंड भरला नाही म्हणून त्या घराचं दळण बंद, मजुरीला बोलावणं बंद, असलं काही सुरू झालं तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तुरुंगवास आहे. आणि आपल्या गावात दंड कोणाचा माफ होतो अन् कोणत्या वस्तीतल्या पोराकडून वसूल होतो, हे मी लिहायची गरज नाही.

आता जे कायदे आहेत ते बघा. तुमच्या त्या तीन पोरांची गाडी कोणाची होती? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. १८ खालच्याला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. खर्ऱ्यात तंबाखू असते, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, हा २००३ चा कायदा. पारासमोरच्या तीन ठेल्यांपासून शाळा किती लांब आहे, दादा?

---

पांदणवाट

वकीलसाहेब, शाळा पारापासून दिसते. यार्ड मोजलेले नाहीत, पण पोरानं क्रिकेटचा बॉल मारला तर ठेल्याच्या पत्र्यावर वाजतो.

तीनपैकी एक ठेला कोणाच्या साळ्याचा आहे ते सांगत नाही.

---

तुरीची_शेंग

सांगितलंच की 😀

---

संत्र्याची_बाग

मूळचा वरुडचा, आता अमेरिकेत, वॉशिंग्टन डीसीच्या शेजारी राहतो. इथं हा विषय जुना आहे म्हणून दोन शब्द.

डीसीत पोरांसाठीचा कर्फ्यू १९९५ च्या कायद्यानं आला. १७ वर्षांखालच्यांनी रविवार ते गुरुवार रात्री ११ नंतर आणि शुक्रवार-शनिवार मध्यरात्रीनंतर बाहेर राहायचं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोजच मध्यरात्रीपर्यंत सूट. २०२५ च्या उन्हाळ्यात १७ वर्षांच्यांनाही त्यात घेतलं आणि पोलिसप्रमुखाला काही भाग आखून तिथं ८ पासून बंदी लावायची मुभा दिली. म्हणजे तीस वर्षं कर्फ्यू असूनही तो आणखी कडक करावा लागला. आता यावरून काय समजायचं ते ज्याचं त्यानं समजावं. अपवादही बरेच: नोकरीवरून येणारा, आई-बापानं कामाला पाठवलेला, शाळेच्या किंवा धर्माच्या कार्यक्रमातून परतणारा, अगदी आपल्या घरासमोरच्या फुटपाथवर उभा असलेलासुद्धा चालतो. ठराव लिहायचाच असेल तर अपवादांची यादी मूळ ठरावापेक्षा लांब होईल, तयारी ठेवा.

एक मजेदार (मजेदार म्हणू नये खरं तर) अभ्यास इथं झाला. तेव्हा वर्षातून दोनदा वेळ बदलायची, उन्हाळ्यात १२, सप्टेंबरपासून ११. दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी गोळीबाराचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांच्या नोंदी काढल्या आणि ११ ते १२ हा एकच तास तपासला. कर्फ्यू ११ ला आला की त्या तासात गोळीबार कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला होता. त्यांचा अंदाज असा, की साधी माणसं घरात गेली की रस्त्यावर बघणारं कोणी राहत नाही. २०१६ मध्ये कॅम्पबेल कोलॅबोरेशननं अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही कर्फ्यूनं गुन्हे घटल्याचं दिसलं नाही. टेक्सासनं २०२३ मध्ये कायदा करून गावोगावचे असले कर्फ्यू बंदच केले.

तुमच्याकडं गोळीबार नाही, केबल आहे. पण विचार करा. शाळेच्या भिंतीला टेकलेली आठ-दहा पोरं ९ वाजता घरात घातली, तर केबल घेऊन जाणाऱ्याला बघणारं कोण उरलं?

---

बंडीचाक

अमेरिकेचं अमेरिकेत. आमच्या गावात यंत्र नाही गोळीचा आवाज टिपायचं. फटाका फुटला तरी कळत नाही कोणाच्या वरातीत फुटला.

पण केबलचं बोलणं पटलं, ते मान्य करतो.

---

मचाण_नको

झाडीपट्टीतून लिहितो जी. ब्रह्मपुरीकडचा.

आमच्याकडं ९ चा कर्फ्यू आहेच, तो वाघानं लावलेला आहे. अंधार पडला की लेकरू अंगणाच्या बाहेर जात नाही. वनखातंपण सांगतं, एकटे फिरू नका, संडासला गेलात तरी दोघं जा. पण खरं बघाल तर आमच्याकडं माणसं गेली ती बहुतेक मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, सरपण आणताना, गुरं चारताना. म्हणजे उजेडात, पोटापाण्यासाठी. रात्रीच्या बंदीनं ती वाचली नसती. मोहफुलं पहाटेच पडतात, आधी गेलं नाही तर गुरं खातात. एप्रिलमध्ये आमची अर्धी शाळा पहाटे मोहाखाली असते जी. तुमची बंदी ५ वाजता उठते म्हणून ठीक.

अन् नाटकाचं काय? दिवाळी झाली की मंडई (आमची जत्रा), मग शंकरपट (बैलांच्या शर्यती), अन् रात्री नाटक. वडसाहून नाटक कंपनीची गाडी येणार, दहाला पडदा उघडणार, पहाटे तीन-चारला संपणार. बायका घोंगडी घेऊन पुढं, लेकरं त्यांच्या पायापाशी. मी सातवीत असताना सायकलवर चार गावं करून नाटक पाहिलंय, पहाटे थंडीत परत. सोबत बाप नव्हता, गावची वीस पोरं होती. त्या रात्री वजा केल्या तर माझ्या बालपणात गणिताचा गृहपाठ तेवढा उरते.

---

एटापल्लीकर

मचाण_नको, बरोबर. आमच्या माडिया-गोंड गावांत गोटुल आहे, म्हणजे तरुण पोरापोरींनी जमायची जागा. रात्र ही पोरांची वेळ, हे आधीपासून मान्य. पण तिथं मोठी पोरं छोट्यांना शिकवतात, नियम त्यांचेच. बाहेरचे लोक गोटुलबद्दल वाट्टेल ते बोलतात म्हणून जास्त लिहीत नाही.

---

सोळाशे_मीटर

५ वाजता बंदी उठणार म्हणता, पण आम्ही साडेचारला रोडवर असतो. पोलीस भरतीची तयारी. मी १९ चा आहे, पण सोबतचे चौघं १७ चे आणि दोन मुली १६ च्या, ८०० मीटरवाल्या. ऊन चढल्यावर विदर्भात कोण पळेल? मे महिन्यात सहाला पण घामानं डोळे उघडत नाहीत.

रोडवर पळू नये हे आम्हालाही कळते. ट्रकवाले कट मारतात. गावात मैदान द्या, पळत नाही रोडवर.

---

पोट्टा_दहावीवाला

मी पण आहे इथं. माझ्या गावातल्या कोणी ओळखलं तर ओळखू दे.

सगळे म्हणतात पोट्टे शाळेच्या भिंतीमागं बसतात. का बसतात हे कोणी विचारलं का? ग्रामपंचायतीचं फुकट वायफाय तिथपर्यंतच येते. समोरच्या ओट्यावर बसलो तर शिपाई काका हाकलतात, म्हणून मागं. दिवसा वायफाय चालत नाही कारण दिवसा लाइनच नसते. घरी नेटपॅक बाबाच्या मोबाइलमध्ये, बाबा सोयाबीनचे भाव पाहतात अन् झोपतात. गेम खेळतो, खोटं नाही बोलत. पण विज्ञानाचे व्हिडिओ पण पाहिले, प्रकाशाचे अपवर्तन मला तिथंच समजलं, शाळेत नाही.

अन् गणिताचे सर, तुमच्या तासाला झोप रात्रीमुळं नाही येत. (सॉरी सर.)

---

गणिताचे_सर

शेवटचं वाक्य वाचलं. वही तपासताना लक्षात ठेवीन.

गंमत बाजूला, वायफायचं मला माहीत नव्हतं. ग्रामपंचायतच वायफाय देते आणि तीच तिथं बसल्याचा दंड लावणार, हे काही मलाही बरोबर वाटत नाही. पण बाळा, दीड वाजेपर्यंत अपवर्तन चालत नाही.

---

निळी_बस

सगळं वाचलं. बहुतेक प्रतिसाद पोरांवरच आहेत. ठरावात 'कोणीही' लिहिलंय ना? मग पोरींचं कोणी बोललं का? दोन मुली पळायला येतात, तेवढाच उल्लेख.

मी आता २२ ची आहे. आठवी ते बारावी सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या बसनं शाळेत गेले, फुकट पास. ती बस नसती तर सातवीतच शाळा सुटली असती, जशी माझ्या मोठ्या बहिणीची सुटली. हिवाळ्यात परतीची बस साडेपाचची. एखादा दिवस ती यायची नाही, मग मुक्कामी गाडी. ती गावात शिरायला साडेआठ, नऊ. पारावर बसलेली माणसं बघत राहायची. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं, तोंडात खर्रा. दुसऱ्या दिवशी आईच्या कानावर यायचं, 'पोरगी रात्री नऊला उतरली.' बस का आली नाही हे डेपोला कोणी विचारलं नाही. आमच्या घरात मात्र चर्चा झाली की बारावीनंतर बस झालं.

आम्हाला ९ चा भोंगा नवा नाही. आम्हाला ७ चा होता, आवाज न करणारा. भुलाबाईची गाणी म्हणायला घरोघरी जायचो, भादव्यापासून कोजागिरीपर्यंत, तेवढा एक महिना रात्री रस्त्यावर आमचा आवाज असायचा. दहावीनंतर तेही बंद, 'आता मोठी झाली.' आता हा ठराव झाला की काय होईल सांगते. पोरगं ९:२० ला दिसलं तर 'अरे जा घरी' म्हणतील. पोरगी ९:०५ ला दिसली तर नाव रजिस्टरमध्ये जाईल. ते रजिस्टर ग्रामपंचायतीत राहील आणि सोयरीक बघायला आलेल्या पाहुण्यांना कोणीतरी दाखवेल. तुम्ही म्हणाल असं होणार नाही. मी त्याच तालुक्यात वाढले आहे.

पांदणवाट काका, एक विचारते, राग मानू नका. गाडी घसरली, केबल गेलं, हे ठीक. पण ठराव आत्ताच का? यात कोण्या पोरीचं प्रकरण आहे का?

---

पांदणवाट

निळी_बस, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं.

आहे. दहावीतली मुलगी आणि दुसऱ्या मोहल्ल्यातला मुलगा पाण्याच्या टाकीजवळ रात्री बोलत उभे होते. बोलतच होते, दुसरं काही नाही. दोन्ही घरं हमरीतुमरीवर आली, तंटामुक्ती समिती बसली. ठरावाची गोष्ट त्या बैठकीत पहिल्यांदा निघाली. गाडी घसरली ती त्याच्या आधी तीन आठवडे, तेव्हा कोणी भोंग्याचं नाव काढलं नव्हतं. मूळ पोस्टमध्ये मी हे लिहिलं नाही. का लिहिलं नाही याचा विचार करतोय.

मुलीची शाळा सध्या बंद आहे. मुलगा जातो.

---

तहसील_चौक

ती मुलगी शाळेत परत गेली पाहिजे. भोंग्याचं नंतर बघू. वय अठराच्या आत असेल आणि कोणी लग्नाची घाई करत असेल तर १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

---

अंगणवाडीच्या_ताई

मी १७ वर्षं अंगणवाडी चालवते, अकोला जिल्ह्यात. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच असते, आमच्याकडंही होती. बैठकीचं रजिस्टर मीच लिहायची आणि मीच सही घ्यायला घरोघरी जायची.

मागच्या वर्षी एकदाच खरी बैठक घेतली. मुलांनाही बोलावलं. रात्री गावात कुठं भीती वाटते, असं विचारलं आणि ठिकाणं सांगायला लावली. मुली म्हणाल्या, देशीच्या दुकानाच्या वळणावर आणि बसथांब्यावर. मुलं म्हणाली, नाल्यावर, कारण तिथं दिवा नाही आणि कुत्री आहेत. छोटी लेकरं म्हणाली, घरी. तेव्हा सगळे गप्प झाले. बाप पिऊन येतो ती वेळ नऊची. त्या लेकरांना नऊला घरात पाठवायचं म्हणजे कुठं पाठवायचं, हा माझा प्रश्न आहे. ती आमच्या अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसतात रात्री. मी कुलूप उघडते कधी कधी, नियमात नाही बसत.

दादा, १५ ऑगस्टच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावीच लागते. ठराव आधी तिथं वाचा. सरांनी आइसलँडचं सांगितलं, त्यात एक राहिलं. तिथं पोरांना क्लब, खेळ, गाणं शिकायला पैसे दिले, आणि आई-बाप स्वतः रात्री गटानं गावात फिरायचे. आमच्याकडं आम्ही बचत गटाच्या सहा जणी आठवड्यातून दोन रात्री फिरतो. पोरं दिसली तर जेवला का विचारतो. पोरांपेक्षा जास्त घाबरतात ते पारावरचे.

---

बंडीचाक

ताई, तुमच्या अंगणवाडीच्या पायरीचं वाचलं अन् मग काही लिहावं वाटलं नाही. माह्या बापाची उभारी मी लई हौसेनं सांगतली वरती. बाप पेत होता, ते नव्हतं सांगतलं.

---

पांदणवाट

१५ ऑगस्ट झाला. सांगतो काय झालं ते.

महिला सभा १३ ला झाली. एरवी वीस बायका येतात, यावेळी साठच्या वर होत्या, कारण अंगणवाडीतून निरोप गेला होता. मी ठरावाचा कागद वाचला. एक म्हातारी, माझ्याच भावकीतली काकू, उठून म्हणाली, 'भोंगा वाजवाच. नऊले वाजवा अन् माणसाईले घरी बोलवा. पोट्टे तं येऊनच राह्यले.' हशा झाला, मग हशा थांबला. ते वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं. यजमान म्हणाले, खोडा. सरपंच ताई पहिल्यांदाच बोलल्या, म्हणाल्या, राहू द्या.

१५ च्या ग्रामसभेला झेंड्यानंतर गणपूर्ती झाली नाही, तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळं आठ दिवसांनी चाळीस माणसांत सगळं ठरलं. कर्फ्यू आणि दंड गेला. वकीलसाहेबांचा प्रतिसाद छापून ग्रामसेवकाला दिला होता, त्यांनी तो दोनदा वाचला आणि पाणी मागितलं. शाळेची जुनी खोली रात्री १० पर्यंत अभ्यासिका म्हणून उघडायची, वायफायचा डबा तिथं हलवायचा, हे झालं. गणिताचे सर, आठवड्यातून एक दिवस तुमचं नाव न विचारता टाकलंय, म्हणजे तुमच्यासारख्या आमच्या सरांचं. ठेल्यांचा विषय 'पुढील सभेत' गेला. तो पुढील सभेतच राहील असं दिसतंय, पण तिघांपैकी दोन ठेलेवाले आता गणवेशातल्या पोराला खर्रा देत नाहीत, गणवेश काढून आला तर देतात.

मुलगी सोमवारपासून शाळेत जातेय. यात माझा काही वाटा नाही, तिच्या मावशीनं येऊन भांडण केलं.

भोंगा मात्र आधीच घेऊन झाला होता, बिल निघालं होतं. मग तो बसवलाच. रोज ९ ला वाजतो. पहिल्या दिवशी गावातली सगळी कुत्री रडली. पोरांनी त्याचा अर्थ असा लावलाय की नऊ वाजले, आता भेटायचं.

---

पोट्टा_दहावीवाला

अभ्यासिकेत वायफायचा पासवर्ड कोण ठेवणार?

---

पांदणवाट

शिपाई काका.

---

पोट्टा_दहावीवाला

मग झालं.

---

बंडीचाक

ते सोडा. रपट्यावर दिवा लागला का?

---

पांदणवाट

खांब आलाय. दिवा यायचाय.